विमानं उतरवायची नवी पद्धत आली तर घाटकोपरचा आवाज कमी होईल का? आणि तिची पर्यावरण तपासणी कोण करतं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. उपग्रहाच्या आधारानं विमानं उतरवायची पद्धत मुंबईत आली तर घाटकोपर पूर्वेला, पंतनगरच्या बाजूला, आवाज कमी होईल का? आणि ती लागू करण्याआधी रहिवाशांची जनसुनावणी होते का? पहिल्याचं उत्तर असं की तुमच्या कानाला कळेल एवढा फरक पडणार नाही. दुसऱ्याचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आहे. मी पर्यावरण आघात अहवालांमधला ध्वनीचा भाग करतो, त्यामुळे जरा आकड्यांत शिरतो.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी साधारण एकच वापरता येते. वारा बहुतेक वेळ पश्चिमेकडून, म्हणून विमानं पूर्वेकडून येतात: वाशी-कोपरखैरणेच्या बाजूनं खाडी ओलांडून, घाटकोपरवरून, मग जरीमरीची घरं आणि लगेच 27 क्रमांकाची धावपट्टी. आज ती आयएलएसवर उतरतात, म्हणजे धावपट्टीजवळच्या अँटेना रेडिओलहरींनी एक तिरकी वाट आखून देतात. तिचा कोन सर्वसाधारणपणे 3 अंश. याचा अर्थ दर किलोमीटरला सुमारे 52 मीटर उतार. घाटकोपर स्टेशन धावपट्टीच्या टोकापासून अंदाजे अडीच किलोमीटर. टोकावरून विमान सुमारे 15 मीटर उंचीनं जातं, ते धरलं तर स्टेशनच्या डोक्यावर ते साधारण 146 मीटरवर असतं.

जीबास (विमानतळावरच्या केंद्रातून उपग्रहाचे संकेत दुरुस्त करून देणारी पद्धत) किंवा आपल्या गगनसारख्या (उपग्रहांवरूनच दुरुस्ती पाठवणारी भारताची पद्धत) उपग्रह-आधारित पद्धतींत हा कोन बदलणं सोपं जातं. फ्रँकफर्टला 2014 पासून जीबास आहे, आणि हीथ्रोला 2015 मध्ये 3.2 अंशांच्या उतरणीची चाचणी झाली. तोच कोन घाटकोपरला लावून पाहा. उंची 146 ची 155 मीटर होईल. नऊ मीटर, म्हणजे तीन मजले! आवाजात याचा हिशेब केला तर जेमतेम अर्धा डेसिबल घट. माणसाला फरक जाणवायला तीनेक डेसिबल लागतात. शिवाय सरासरी आवाजाच्या गणितात हा अर्धा डेसिबल फार लवकर संपतो: जिथे 100 विमानं उतरत होती तिथे 112 उतरली की हिशेब पुन्हा मूळपदावर. डिसेंबर 2018 मध्ये याच विमानतळानं एका दिवसात 1,007 उड्डाणं-उतरणी हाताळली होती, तेव्हा नव्या पद्धतीनं क्षमता वाढली तर ती रिकामी ठेवतील अशी आशा कोणी धरू नये.

मार्ग बाजूला सरकवता येत नाही का, हा पुढचा प्रश्न येणारच. घाटकोपरपुरता नाही येत. प्रवासी विमान जमिनीपासून 1,000 फुटांवर येईपर्यंत चाकं, फ्लॅप (पंखांची उघडणारी पाती), वेग सगळं जागेवर बसून सरळ रेषेत असावं, असा विमान कंपन्यांचा सर्वसाधारण दंडक आहे. 3 अंशांच्या वाटेवर 1,000 फूट म्हणजे टोकापासून सुमारे साडेपाच किलोमीटर. तुम्ही त्याच्या बरेच आत आहात. तिथे पद्धत कोणतीही असो, विमान त्याच रेषेवर असणार. आणि त्या टप्प्यावर निम्मा गोंगाट इंजिनाचा नसतोच, उघडलेल्या चाकांवरून आणि फ्लॅपवरून घासत जाणाऱ्या हवेचा असतो.

खरा बदल होतो तो लांब, वीस-तीस किलोमीटरवर. हल्ली कंट्रोलर विमानांना वळवत, थोडं थांबवत, रांगेत आणतात, त्यामुळे ती मोठ्या पट्ट्यात विखुरतात. उपग्रहाच्या मार्गावर ती एकामागून एक जवळजवळ त्याच ओळीतून जातात. टप्पे न घेता सलग उतरण जमली तर इंजिनं अगदी कमी जोरावर चालतात, इंधन वाचतं आणि बऱ्याच लोकांना शांतता मिळते. पण ज्यांच्या छपरावर ती ओळ पडते त्यांच्याकडे आधी अधूनमधून येणारी विमानं आता सगळीच्या सगळी येतात. डोंबिवली-तळोजा पट्ट्यात राहणाऱ्यांनी याकडे तुमच्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं. त्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर 2025 मध्ये झालं आहे, म्हणजे एकाच आकाशात दोन विमानतळांच्या वाटा बसवायच्या आहेत.

मग वळणाची वाट ठाणे खाडीवरून का नेऊ नये, खाली घरं तर नाहीत? कागदावर छान दिसतं. पण ती खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि मे 2024 मध्ये तुमच्याच पंतनगर-लक्ष्मीनगर भागात काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. उतरणाऱ्या विमानाला धडकून जवळपास 40 फ्लेमिंगो मेले. माणसांना शांतता देणारी वाट पक्ष्यांच्या थव्यातून जाणार असेल तर प्रश्न आवाजाचा राहत नाही, विमानाच्या सुरक्षेचाही होतो. माझ्या मते मुंबईत उतरण्याच्या कोणत्याही नव्या वाटेची तपासणी करायचीच तर तिचं पहिलं प्रकरण हे असायला हवं, डेसिबल नंतर.

आता ती तपासणी कोण करतं? आपली 2006 ची पर्यावरण आघात अधिसूचना जमिनीवर काय बांधता ते विचारते. विमानतळ तिच्या अनुसूचीत 7(अ) वर आहेत. नवी मुंबई विमानतळाला 2010 मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा खारफुटी, उलवे नदीचा वळवायचा प्रवाह, कापायची टेकडी यांवर रणकंदन झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण आकाशातली वाट बदलणं हा त्या अनुसूचीत प्रकल्पच नाही. विमानतळ प्राधिकरण वाट आखतं, अडथळे आणि सुरक्षितता तपासून डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) मान्यता देतं, आणि 28 दिवसांच्या ठरलेल्या चक्रातल्या एखाद्या तारखेला ती वैमानिकांच्या माहितीपुस्तकात छापली जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळ जनसुनावणी घेतं ती मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाची. इथे मंजुरीच लागत नाही.

अमेरिकेत हे उलटं आहे असं सांगितलं जातं. अर्धं खरं आहे. तिथे 1970 च्या पर्यावरण कायद्याखाली विमान वाहतूक प्रशासनाला नव्या मार्गाचाही विचार करावा लागतो. पण बऱ्याच मार्गांना ‘परिणाम नगण्य’ म्हणून सविस्तर अभ्यासातून सूट मिळते, आणि 2012 च्या एका कायद्यानं अशा सुटीची वाट आणखी रुंद केली. फिनिक्स शहरात सप्टेंबर 2014 मध्ये उड्डाणाचे नवे मार्ग असेच सूट देऊन सुरू झाले. शहर आणि रहिवासी कोर्टात गेले आणि ऑगस्ट 2017 मध्ये जिंकले. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमधले रहिवासी मात्र 2018 मध्ये हरले, कारण त्यांचा अर्ज 60 दिवसांच्या मुदतीत नव्हता. घड्याळ कागद निघाल्यापासून चालू होतं, विमान डोक्यावर आल्यापासून नाही. कायदा असूनही लोकांना कळेपर्यंत मुदत संपलेली असू शकते, हे आपल्याकडे असा कायदा मागणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

दुसरी भानगड मापाची. आपल्याकडे घरांच्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. पण 2018 च्या अधिसूचनेनं वर्षाला 50,000 हून जास्त फेऱ्या असलेल्या विमानतळांच्या ध्वनिक्षेत्रात ती दिवसा 70 आणि रात्री 65 केली, तीही सरासरीवर. सरासरीत दोन विमानांमधली शांतता धरली जाते, झोपमोड धरली जात नाही. अमेरिकेत 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात, 20 विमानतळांभोवती, रात्रीला जादा वजन देणाऱ्या त्यांच्या 65 डेसिबलच्या मापावर सुमारे दोन तृतीयांश लोक ‘अतिशय त्रस्त’ निघाले. जुन्या आलेखाप्रमाणे ते बारा टक्क्यांच्या आसपास असायला हवे होते. सिडनीत 1994 मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर ध्वनिनकाशावरच्या त्रासाच्या रेषेबाहेर राहणाऱ्या लोकांनी रान उठवलं, आणि त्यातून एक साधं माप पुढे आलं: दिवसभरात 70 डेसिबलच्या वर किती विमानं गेली, एवढंच मोजा. हे माप कोणत्याही गृहिणीला समजतं आणि अहवालात लपवायला कठीण जातं. मला विचाराल तर मागणी याच आकड्याची करा.

म्हणून तुम्ही आता काय करायचं ते सांगतो. मुंबईच्या उतरण्याच्या मार्गांचे तक्ते प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरच्या माहितीपुस्तकात, व्हीएबीबी या सांकेतिक नावाखाली, कोणालाही पाहता येतात. 27 साठीचे आजचे तक्ते उतरवून ठेवा, म्हणजे बदल झाला की तुलना करता येईल. माहिती अधिकारात डीजीसीएकडे विमानतळाचा ताजा ध्वनिनकाशा मागा आणि त्यात तुमची इमारत कुठे बसते ते विचारा. ‘आवाजाबद्दल माहिती द्या’ असा मोघम अर्ज केला तर मोघमच उत्तर येतं.

स्वतः मोजणार असाल तर फोनमधल्या ॲपवर भिस्त ठेवू नका. सोसायटीनं मिळून बरा साऊंड लेव्हल मीटर भाड्यानं घ्या, गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटपासून लांब ठेवा, आणि पावसाळ्यात मोजू नका. एलबीएस मार्गाच्या बाजूला वाहनांमध्ये विमानाचा आवाज मीटरलाही नीट वेगळा काढता येत नाही, म्हणून पहाटेची वेळ निवडा. प्रत्येक नोंदीची वेळ विमानांचा माग दाखवणाऱ्या एखाद्या संकेतस्थळाशी जुळवून लिहा, नाहीतर ‘ते विमान नव्हे, ट्रक होता’ असं पहिल्याच बैठकीत ऐकावं लागेल. जुलै 2019 मध्ये पावसात एक विमान मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरलं आणि काही दिवस दुसरीच धावपट्टी चालू होती. असे दिवस पुन्हा आले, किंवा देखभालीसाठी मुख्य धावपट्टी बंद राहिली, तर तेव्हा जरूर मोजा. विमानांशिवायचं घाटकोपर किती डेसिबलचं आहे हे एरवी कळायचा दुसरा मार्ग नाही, आणि पुढे कोणी तपासणी केलीच तर हा आकडा सगळ्यात आधी लागेल.