हळकुंड विकायचं की झेरॉक्स?

प्रश्न : भाऊ, समुद्रपूर तालुक्यात आमची दीड एकर हळद आहे. घरीच उकडतो, वाळवतो, गावातल्या चक्कीवर दळून आणतो. नागपूरचा एक दुकानदार म्हणे, फूड लायसन्स आणा, लॅबचा रिपोर्ट आणा, सातबारा आणा, मग पाहू. कॉम्प्युटर सेंटरवर दोन चकरा झाल्या. एकदा सर्व्हर बंद, एकदा फोटो चुकला. आमचे हे म्हणतात, हळद विकायची का झेरॉक्स? सासूबाईनं जन्मभर हळद विकली, तिले कोणी कागद मागितला नाही. मले काहून?
— एक हळदवाली, जि. वर्धा

उत्तर : ताई, सासूबाई हळकुंडं विकत असतील, तुम्ही पूड विकता. तिथंच घोडं अडलं. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 18 शेतकऱ्याला आणि त्यानं शेतावर पिकवलेल्या मालाला वगळतं. चक्कीवर दळून पाकीट भरलं की मात्र तुम्ही व्यावसायिक. शिवाय दळलेला मसाला सुटा विकायला मनाई आहे. हळदीला चमक यावी म्हणून लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, वापरणारे आहेत. पाप त्यांचं, फॉर्म तुम्ही भरताय. चिडलात तर चूक नाही.

पण दुकानदारानं तीन वेगळ्या गोष्टी एकाच दमात मागितल्या. मी 2019 मध्ये लोणच्यासाठी नोंदणी केली तेव्हा छोट्या धंद्याला मोठं लायसन्स लागत नव्हतं, साधी नोंदणी पुरायची. फी वर्षाला 100 रुपये, ओळखपत्र आणि फोटो. आजची फी अन्न सुरक्षेच्या सरकारी पोर्टलवर पाहूनच भरा, एजंटाला हजार देऊ नका. (मी दिले होते.) लॅबचा रिपोर्ट त्या नोंदणीला लागला नव्हता. ती दुकानदाराची अट असेल, तर नेमकी कोणती तपासणी हवी ते त्याच्याकडून लिहून घ्या आणि खर्च अर्धा-अर्धा करा म्हणा. सातबारा कशाला, हे त्यालाच विचारा.

आणखी एक. पाकिटावर ‘वायगाव हळद’ छापायचा विचार असेल तर थांबा. 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालालाच ते नाव, मिळालंय, पण ते नाव वापरायला अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रत्येकाची वेगळी नोंदणी लागते. म्हणजे आणखी एक फॉर्म, हो.

आणि हळद टाकायच्या आधी चक्कीवर मिरची दळली होती का, ते विचारत जा.