आधी विहीर, मग कलम

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

भारत आणि बांगलादेश यांच्या भूजल-प्रदूषणाच्या कायद्यांची तुलना करणाऱ्या तुझ्या शोधप्रबंधाचा आराखडा आणि सोबतचा तक्ता वाचला. तुझा गोंधळ कलमे न वाचल्यामुळे झालेला नाही. ती तू बारकाईने वाचली आहेस. बांगलादेशाचा २०१३ चा जल अधिनियम भूजलासह सर्व पाण्यावरचे हक्क राज्याकडे देतो, आपल्याकडे मात्र १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या आधाराने जमीनमालक जमिनीखालचे पाणी आपले मानत आला. मग शेजाऱ्याचा कायदा पुढारलेला असूनही तिथले भूजल स्वच्छ का नाही, असे तू विचारतेस, आणि उत्तर सापडेना म्हणून नेपाळ व पाकिस्तान यांचे रकाने वाढवायची परवानगी मागतेस. ती मी देणार नाही.

आधी विहीर, मग कलम. एक विहीर नासली आहे असे धर आणि दोन्ही देशांच्या कायद्यांना विचार, की तिच्या मालकाने तक्रार कोणाकडे न्यायची, पाणी कोणी तपासायचे, ते कोणामुळे नासले हे सिद्ध करण्याचा भार कोणावर, आणि निकाल लागेपर्यंत त्या घराला पाणी कोण पुरवणार. मालकीचा प्रश्न उपशाच्या बाबतीत मोलाचा आहे. प्रदूषणाच्या बाबतीत तो दुय्यम ठरतो, कारण बांगलादेशाचा जल अधिनियम स्वतःच हा विषय १९९५ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाकडे सोपवतो, आणि तिथून पर्यावरण न्यायालयात जायचे तर २०१० च्या कायद्यानुसार सामान्यतः निरीक्षकाचा लेखी अहवाल लागतो. आपल्या १९७४ च्या जल अधिनियमाने भूगर्भातील पाणी आपल्या कक्षेत घेतलेले आहेच, शिवाय २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे नुकसान झालेला माणूस स्वतः भरपाई मागू शकतो. तुझ्या तक्त्यात मालकीला पहिला रकाना आहे आणि दाद मागण्याच्या या दाराला एकही नाही.

पण म्हणून लगेच भारताला वरचा क्रमांक देऊ नकोस. उदयपूरजवळच्या बिछडी गावात एच-आम्ल या रंग बनवण्यासाठी लागणाऱ्या रसायनाच्या कारखान्यांचा विषारी गाळ उघड्यावर टाकला गेला आणि सुमारे ६० विहिरींचे पाणी नासले. १९८९ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले; १९९६ चा निकाल स्पष्ट होता, नुकसान करणाऱ्यानेच शुद्धीकरणाचा खर्च द्यायचा, आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने त्या खर्चाचा अंदाजही काढलेला होता. तरीही पैसे वसूल करण्यासाठी त्याच न्यायालयाला २०११ मध्ये चक्रवाढ व्याजासह पुन्हा आदेश द्यावा लागला. निकालाचे तत्त्व तू दोन पानांत मांडले आहेस, या बावीस वर्षांना अर्धी ओळ दिली आहेस. नदीत सोडलेली घाण पुराबरोबर काही अंशी तरी वाहून जाते, खडकाच्या भेगांत उतरलेले रसायन वर्षानुवर्षे तिथेच राहते. म्हणून भूजलाच्या कायद्यात विलंब हाच नुकसानीचा मोठा भाग असतो.

माझ्या बोलण्यातला हेका तुला जाणवेल. मी अशाच एका तुलनात्मक अहवालाच्या गटात होतो. देशांना गुण देऊन क्रम लावायचा असा आग्रह होता आणि विहिरींवरचे माझे प्रकरण जागेअभावी गाळले गेले. मी सही केली नाही. सहकाऱ्यांना ते आडमुठेपणाचे वाटले. मला आजही ते योग्यच वाटते, कारण ज्या गावकऱ्यांनी पाण्याचे नमुने भरून दिले होते त्यांचा एकही आकडा त्या अहवालात नव्हता. ती खंत मात्र गेलेली नाही.

आता तुझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, आणि तू पूर्णपणे वगळलेले: भूजलात उतरणारे आर्सेनिक हे विष. पश्चिम बंगालमध्ये ते १९८० च्या दशकाच्या प्रारंभी ओळखले गेले, बांगलादेशात १९९३ मध्ये. ते नैसर्गिक गाळातून येते, त्यामागे कारखाना नाही, त्यामुळे ‘प्रदूषण करणारा’ शोधणारे दोन्ही देशांचे कायदे तिथे जवळजवळ निरुपयोगी ठरतात. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, भारतीय मानकही तीच स्वीकारार्ह मानते. बांगलादेशाने मात्र दीर्घकाळ ५० ची मर्यादा चालवली. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमचा हातपंप पश्चिम बंगालच्या नदिया जिल्ह्यात नापास आणि सीमेपलीकडे मेहेरपूरमध्ये पास, जरी गाळाचे थर एकाच नदीप्रणालीने रचलेले असले तरी. फरक्का बंधाऱ्यापाशी गंगेचे पाणी दोन्ही देशांत वाटून देणारा १९९६ चा गंगा करारही या भूजलाची गुणवत्ता कोणी राखायची ते सांगत नाही. दोन शेजारी कायद्यांची तुलना करायला याहून योग्य जागा तुला कुठे मिळणार आहे?

तेव्हा देश वाढवू नकोस, विहिरी वाढव. नदिया आणि मेहेरपूर हे पहिले प्रकरण कर, बिछडी दुसरे. मालकीची चर्चा तिसऱ्यात, तीही थोडक्यात. प्रत्येक कलमापुढे ते कोणत्या विहिरीच्या कामी आले ते लिही, आणि कोणत्याच विहिरीच्या कामी आले नसेल तर तसेही स्पष्ट लिही. नवा आराखडा दिवाळीच्या सुट्टीआधी पाठव. जुना तक्ता त्याला जोडू नकोस.

तुझा शुभचिंतक