शब्दचर्चा : बिशपांची जबाबदारी ‘पाळकीय’ की ‘खेडूत’?

साताऱ्याच्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, कॅथलिक बिशपांच्या, म्हणजे एकेका प्रदेशातील चर्चच्या प्रमुखांच्या, कामाविषयीच्या इंग्रजी मजकुराचे मराठी करताना ‘स्पिरिच्युअल’ आणि ‘पास्टोरल’ जबाबदाऱ्या या जोडीपाशी त्या अडल्या आहेत. भाषांतराच्या यंत्राने त्यांना ‘बिशपच्या आध्यात्मिक आणि खेडूत जबाबदाऱ्या’ असे उत्तर दिले, एका सहकाऱ्याने ‘मेंढपाळी’ सुचवले, तर ओळखीच्या ख्रिस्ती कुटुंबाने ‘पाळकीय’ म्हणावे असे सांगितले. यांतले कोणते घ्यावे, आणि ‘बिशप’ऐवजी ‘धर्माध्यक्ष’ लिहावे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

‘पाळकीय’ घ्यावे आणि ‘बिशप’ तसाच ठेवावा, असे माझे मत आहे. कारणे मात्र सविस्तर सांगावी लागतील, कारण या शब्दांच्या पोटात बरेच काही आहे.

यंत्राला ‘खेडूत’ कोठून सुचले ते आधी पाहू. लॅटिनमध्ये ‘पास्तोर’ म्हणजे चारणारा. ‘पाशेरे’ म्हणजे चारणे, खाऊ घालणे या क्रियापदावरून तो शब्द बनला. युरोपातल्या कवींनी मेंढक्यांच्या रानातल्या जीवनावर कविता लिहिल्या, त्या कवितांना या शब्दावरून आलेले ‘पास्टोरल’ हे विशेषण लागले आणि ओघाने त्याला गावरान, रानातले असा अर्थ चिकटला. चर्चमध्ये मात्र हा शब्द मेंढरे चारणाऱ्या माणसाला धरून राहिला, रानाशी त्याला कर्तव्य उरले नाही. यंत्राने रान उचलले आणि माणूस सोडला.

मराठी बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या २१व्या अध्यायात येशू पेत्राला तीनदा सांगतो: ‘माझी कोकरे चार’, ‘माझी मेंढरे पाळ’, ‘माझी मेंढरे चार’. मूळ ग्रीकमध्येही येथे दोन वेगळी क्रियापदे आहेत, एक चारण्याचे आणि दुसरे कळप राखण्याचे. मराठी भाषांतरकारांनी हा भेद ‘चार’ आणि ‘पाळ’ या दोन साध्या, रोजच्या शब्दांत नेमका पकडला आहे. चारणे हे दिवसाचे काम आहे. पाळण्यात रात्रही येते.

ज्यांनी जत किंवा माण तालुक्यातल्या धनगरांचा वाडा शेतात बसलेला पाहिला आहे, त्यांना हा फरक समजावून सांगावा लागणार नाही. कवठेमहांकाळहून जतकडे जाताना रस्त्याकडेच्या एका मोकळ्या रानात मी तो संध्याकाळी पाहिला होता. दिवसभराची चराई आटोपली होती, परंतु काम संपले नव्हते. वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून कळप आत घेतला जात होता, एक बाई त्या दिवशी जन्मलेले कोकरू ओच्यात घेऊन त्याची आई हुडकत होती, आणि म्हातारा मेंढका वाघरीच्या तोंडाशी उभा राहून एकेक मेंढरू आत जाताना बघत होता. तो मोजतो आहे असे मला वाटले; विचारले तेव्हा म्हणाला, ‘मोजतोय कुठं, तोंडं बघतोय.’ कॅथलिक बिशपांच्या कामाविषयी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये जो आदेश काढला, त्यात बिशपांनी आपली मेंढरे ओळखणारे आणि मेंढरांनाही ओळखीचे असणारे मेंढपाळ व्हावे अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. तो मजकूर मी पुढे वाचला, तेव्हा मला वाघरीपाशी उभा असलेला तो म्हाताराच आठवला.

असे असूनही ‘मेंढपाळी’ नको म्हणतो, कारण आपल्या भागात मेंढपाळ हा प्रत्यक्ष व्यवसाय आहे आणि ‘मेंढपाळी जबाबदाऱ्या’ वाचणाऱ्याच्या मनात लोकर, लसीकरण आणि चराऊ कुरणेच उभी राहतील. ‘मी उत्तम मेंढपाळ आहे’ या वचनात तो शब्द शोभतो, कारण तेथे संपूर्ण रूपक उभे आहे. विशेषण करून सुटा वापरला की रूपक गळून पडते. ‘पाळकीय’चे तसे होत नाही, कारण ‘पाळणे’ या क्रियापदाचा पैस मराठीत मुळातच मोठा आहे. आपण जनावरे पाळतो, तसा शब्द पाळतो, उपास पाळतो, वेळ पाळतो. म्हणजे जिवाची निगा आणि नियमाचे आचरण या दोन्हींसाठी एकच क्रियापद आहे, आणि बिशपांच्या कामात नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र येतात.

कोणी म्हणेल की मग ‘पालकीय’ का नको, तो तर अधिक संस्कृत आणि भारदस्त दिसतो. दिसतो खरा, परंतु ‘पालक’ हा शब्द आज शाळेच्या सभेने, भाजीवाल्याने आणि जिल्ह्याच्या मंत्र्याने वाटून घेतला आहे. ‘पालकीय भेट’ असे छापले, तर सातारकर वाचक पालकमंत्र्यांची गाडी कोठे थांबली ते पाहू लागतील.

‘पाळकीय’वर एक आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो सांगली-मिरजेकडच्या वाचकाच्या मनात येईलच. या भागात ख्रिस्ती समाजाची वाढ मुख्यतः अमेरिकन प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांच्या कामातून झाली. मिरजेचे मिशन हॉस्पिटल हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण. त्यामुळे येथे ‘पाळक’ म्हटले की प्रॉटेस्टंट मंडळीचे धर्मसेवक डोळ्यांसमोर येतात, आणि ज्या प्रेस्बिटेरियन परंपरेतून ते मिशन आले, तिच्यात बिशप हे पदच नाही. कॅथलिकांकडे ‘फादर’ किंवा ‘धर्मगुरू’ म्हणतात. म्हणून बिशपांना ‘पाळक’ असे नाम लावू नये. लावल्यास कॅथलिक वाचकाला ते परके वाटेल. विशेषण म्हणून ‘पाळकीय’ वापरण्यास तशी अडचण नाही, कारण तेथे पद सांगितले जात नाही, कामाचा प्रकार सांगितला जातो. गोव्याच्या कोंकणीने हाच प्रश्न फार गोड सोडवला आहे. तेथे ‘पास्टोरल’ला ‘गोंवळीक’ म्हणतात. गोंवळी म्हणजे गुराखी. किनाऱ्यावर मेंढरे नाहीत, तेव्हा भाषेने सरळ गाई आणल्या. आपल्याकडे मेंढरे भरपूर असूनही आपण इतके धीट झालो नाही, याची मला थोडी खंत वाटते.

आता ‘बिशप’. ग्रीक ‘एपिस्कोपोस’ म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा. ‘एपि’ म्हणजे वर आणि ‘स्कोपोस’ म्हणजे पाहणारा. संस्कृत ‘अध्यक्ष’ची घडण याला आश्चर्यकारक रीतीने जुळते: ‘अधि’ आणि ‘अक्ष’, म्हणजे ज्याच्या डोळ्यांखाली काम चालते तो. गीतेच्या नवव्या अध्यायातला ‘मयाध्यक्षेण प्रकृतिः’ हा चरण याच अर्थाचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर निरनिराळ्या खात्यांच्या अध्यक्षांचे एक अख्खे अधिकरण आहे आणि त्यात एक ‘गोऽध्यक्ष’ही आहे, ज्याच्याकडे राजाच्या कळपांचा हिशेब असतो आणि ज्याने हरवलेल्या व मेलेल्या जनावरांची वेगवेगळी नोंद ठेवायची असते. मराठी बायबलच्या भाषांतरकारांनी ‘एपिस्कोपोस’साठी ‘अध्यक्ष’ निवडला, तो किती विचाराने, हे यावरून दिसते. प्रेषितांच्या कृत्यांच्या २०व्या अध्यायात पौल इफिस येथील मंडळीच्या ‘वडिलांना’ बोलावतो आणि थोड्याच ओळींनंतर त्याच माणसांना ‘अध्यक्ष’ म्हणतो. म्हणजे पुढे धर्मगुरू आणि बिशप अशा दोन पदांना लागलेले हे शब्द त्या काळी एकाच माणसांना लागू होत.

तरीही आजच्या मराठीत ‘अध्यक्ष’ हा पतसंस्थेचा, साखर कारखान्याचा आणि संमेलनाचा असतो, तो निवडून येतो आणि त्याची मुदत संपते. त्याला ‘धर्म’ जोडून झालेला ‘धर्माध्यक्ष’ हा हिंदी कॅथलिकांचा रुळलेला शब्द आहे. मराठी कॅथलिक लिखाणात ‘बिशप’ किंवा आदराने ‘महागुरुस्वामी’ असे वाचायला मिळते, आणि त्यांच्या अखत्यारीतील प्रदेशाला ‘धर्मप्रांत’ म्हणतात. सातारा आणि सांगली हे जिल्हे पुणे धर्मप्रांतात मोडतात. या धर्मप्रांताचे बिशप राहिलेले थॉमस डाबरे यांची पीएच.डी. तुकोबांच्या ईश्वरानुभवावर आहे, हे येथे जाता जाता सांगितल्यावाचून राहवत नाही. सामान्य वाचकासाठी लिहिताना ‘बिशप’च बरा.

आता ‘आध्यात्मिक आणि पाळकीय’ या जोडीतला ‘आणि’. मराठीत ‘आध्यात्मिक’ म्हटले की एकट्याने करायची साधना डोळ्यांसमोर येते, आणि मग वाचकाला वाटते की बिशप सकाळी आध्यात्मिक काम करतात व दुपारी पाळकीय. वस्तुतः कॅथलिक परंपरा त्यांचे काम शिकवणे, पवित्र करणे आणि कारभार चालवणे असे तिहेरी मानते, आणि ही जोडी त्या तिन्हींतून आडवी जाते. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदेसंहितेत धर्मप्रांताच्या बिशपांनी दर रविवारी आपल्या लोकांसाठी मिस्सा अर्पण करावी असे बंधन आहे. ही उपासना आहे, म्हणून आध्यात्मिक म्हणावी, तर ती ‘लोकांसाठी’ आहे, म्हणून पाळकीयही ठरते. दुसऱ्या बाजूने पाहा: श्रद्धावंतांकडे लक्ष देताना जे धर्माचरणापासून दूर गेले आहेत त्यांनाही बिशपांनी विसरू नये, आपल्या धर्मगुरूंच्या हक्कांचे रक्षण करावे आणि त्यांच्या निर्वाहाची सोय लावावी, दरवर्षी धर्मप्रांताच्या काही भागाला तरी भेट देऊन किमान पाच वर्षांत एकदा सगळा धर्मप्रांत पाहून व्हावा, नाताळ, पवित्र सप्ताह आणि ईस्टरच्या दिवसांत गंभीर कारणाशिवाय धर्मप्रांत सोडू नये, हे सारे पाळकीय आहे, पण यातली एकही गोष्ट निव्वळ कारभाराची नाही. त्यामुळे ‘आणि’ ठेवावा, पण पुढच्या वाक्यांत त्याची भिंत होऊ देऊ नये. ‘धार्मिक’ मात्र घेऊ नये; तो शब्द आज सण, विधी आणि तेढ यांच्याकडे झुकला आहे.

पाच वर्षांतून होणाऱ्या त्या फेरीला ‘पाहणी’ म्हटले तर पूरग्रस्त भाग आठवतो आणि ‘दौरा’ म्हटले तर प्रचार. ‘पाळकीय भेट’ म्हणावे. बिशपांच्या हातातल्या काठीचे वरचे टोक वळलेले असते, मेंढरू ओढून घेता यावे तसे. जतच्या त्या म्हाताऱ्याची काठी सरळ होती. मजकुरात तिला ‘मेंढपाळाची काठी’ म्हणण्यास हरकत नाही, कारण तेथे वस्तू समोर आहे.

प्रश्नात न विचारलेली एक गोष्ट. ‘जबाबदाऱ्या’ बदलून ‘कर्तव्ये’ करण्याचा मोह होईल, तो आवरावा. ‘जबाबदारी’त ‘जबाब’ आहे, आणि येथे तो अक्षरशः खरा आहे: दर पाच वर्षांनी बिशपांना आपल्या धर्मप्रांताच्या स्थितीचा अहवाल पोपकडे द्यावा लागतो, आणि वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की पदाचा राजीनामा पोपकडे सादर करावा, अशी त्यांना विनंती केलेली असते. ‘कर्तव्य’ माणूस स्वतःपुरते करू शकतो. जबाबदारीत दुसऱ्या टोकाला विचारणारा कोणीतरी असतो.

राहिला यंत्राने दिलेला ‘बिशपच्या’. मराठीत हुद्द्याला आदराचे अनेकवचन लागते. आपण ‘कलेक्टर आले’ म्हणतो, तसे ‘बिशप आले’, आणि षष्ठीत ‘बिशपांच्या’. म्हणून शीर्षक ‘बिशपांच्या आध्यात्मिक आणि पाळकीय जबाबदाऱ्या’ असे करावे, आणि ‘पाळकीय’ पहिल्यांदा येईल तेथे ‘म्हणजे आपल्या लोकांचा सांभाळ करण्याच्या’ एवढे शब्द जोडावेत. पुढे तो शब्द खुलाशावाचून चालेल.