बझरमधला कापसाचा बोळा

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. ‘कायदा पाळतोय ना आपण, मग कारखान्याच्या सुरक्षेसाठी वर आणखी स्वतःहून कशाला?’ असं तुझ्या साहेबांनी विचारलं आणि तुला उत्तर सुचलं नाही, हे वाचून थांबलो. तुझ्या वयात मलाही सुचलं नसतं.

भोपाळ आठव. 2-3 डिसेंबर 1984 च्या त्या रात्री मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, फ्लेअरकडे, म्हणजे वायू जाळून टाकणाऱ्या चिमणीकडे, जाणाऱ्या पाइपचा तुकडा दुरुस्तीसाठी काढलेला होता. कागदावर बंदोबस्त होता, वेळेला कामी आला नाही. पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, कॅनडातल्या रसायन उत्पादकांनी ‘रिस्पॉन्सिबल केअर’ सुरू केलं. कायद्यात असो नसो, धोका आम्ही शोधू आणि शेजाऱ्यांना सांगू, असा तो शब्द होता.

पण त्या उपक्रमाच्या नुसत्या बोधचिन्हावर विसंबू नकोस. 2000 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात या उपक्रमातल्या कंपन्यांची पर्यावरणाबाबतची सुधारणा बाहेरच्या कंपन्यांपेक्षा संथ निघाली. तिथल्या रसायन उत्पादकांच्या संघटनेनं पुढे त्रयस्थ ऑडिट सक्तीचं केलं, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

माझंही एक सांगतो. शिफ्ट इन्चार्ज होतो. कॉस्टिक सोड्याच्या टाकीचा हाय लेव्हल अलार्म, टाकी भरत आली की वाजणारा, उगाचच वाजायचा, म्हणून कुणीतरी बझरमध्ये कापसाचा बोळा कोंबला होता. मी तो पाहिला. काढला नाही, लॉगबुकातही लिहिलं नाही. तिसऱ्या रात्री टाकी उतू गेली. डाइक, म्हणजे सांडलेलं अडवणारा टाकीभोवतीचा बांध, होतं, पण त्याचा ड्रेन व्हॉल्व्ह पावसाचं पाणी काढून तसाच उघडा राहिला होता. पहाटे बाहेरच्या नाल्यात पीएच पेपर बुडवला तर गर्द निळा झाला, म्हणजे कॉस्टिक तिथवर पोचलं होतं. तो रंग अजून डोळ्यांपुढे आहे.

तेव्हा साहेबांशी वाद घालत बसू नकोस. बायपास केलेल्या, म्हणजे तात्पुरत्या बंद ठेवलेल्या, इंटरलॉकची (धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणाऱ्या व्यवस्थेची) वही मागून घे. कुणी, कधी, कुणाच्या सहीनं, किती वेळासाठी, ते बघ. वही नसेल तर तूच सुरू कर. नियर मिस, म्हणजे थोडक्यात टळलेला अपघात, लिहिणाऱ्या ऑपरेटरला कुणी झापलं तर त्याच्या बाजूनं उभा राहायला तू हवास. एकदा झापलं की पुढचे दहा प्रसंग कुणी सांगत नाही.

या रात्रपाळीत प्रत्येक डाइकचा व्हॉल्व्ह स्वतः हात लावून बघ. काय आढळलं ते मला कळव.

तुझा,
काका