इंजिन कोणते टाकू? आधी चेंबर बघा

छोट्या गाडीत मोठे इंजिन टाकून सर्किटवर उतरायचे, हा विषय एकदा घेतला आणि पत्रांचा ढीग लागला. बहुतेकांची सुरुवात एकच: "किती पीएस (अश्वशक्ती) मिळतील?" माझ्या यादीत हा प्रश्न शेवटचा आहे; पहिला आहे चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा. तरी उत्तरे देतो, कारण तोच घोळ दर वेळी नव्या पत्त्यावरून येतो.

प्रश्न : १९९२-९५ च्या होंडा सिव्हिकमधले मूळ डी१६ इंजिन काढायचे आहे. होंडाचेच बी१८सी टाकू की के२०ए?

आधी नियमपुस्तक उघडा. बी१८सी १७९७ सीसीचे, के२०ए १९९८ सीसीचे. तुमच्या स्पर्धा-वर्गाची क्षमतेची रेषा १८०० सीसीवर असेल तर विषय तिथेच संपला. नसेल तर पुढचे वाचा.

बी१८सी त्या बॉडीत जवळपास घरच्यासारखे बसते. त्याच पिढीतले इंजिन, त्यामुळे माउंटिंग आणि शाफ्ट यांची फारशी ओढाताण होत नाही. के मालिका, म्हणजे के२०ए चे घराणे, फिरतेच उलट्या दिशेने. तिचा इनटेक (हवा घेणारी बाजू) पुढे आणि एक्झॉस्ट (धूर सोडणारी बाजू) फायरवॉलकडे, म्हणजे केबिनपुढच्या भिंतीकडे. म्हणजे गिअरबॉक्स, माउंटिंग, शाफ्ट, वायरिंग, ईसीयू (इंजिनाचा संगणक), एक्झॉस्ट, सगळे नव्याने आले. बदल्यात टायमिंग बेल्टऐवजी चेन मिळते आणि सुटे भाग मिळायला सोपे जातात. टाइप आर या होंडाच्या जोमदार गाड्यांच्या जपानी आवृत्त्यांत बी१८सी २०० पीएसचे आणि के२०ए २२० पीएसचे. या वीस पीएससाठी पहिल्याच मोसमात एवढा पसारा मांडू नये असे माझे मत. तीन-चार मोसम गाडी ठेवायची असेल तर मात्र के, कारण धडधाकट बी१८सी दिवसेंदिवस दुर्मीळ होत चालले आहे. आणि निर्णय माझ्या चार ओळींवर घेऊ नका. ज्याने ही बॉडी आधी बांधली आहे अशा माणसाला गाडी दाखवा, स्पर्धेच्या तपासनिसाकडून लेखी होकार घ्या, मगच डी१६ चे बोल्ट सोडा.

प्रश्न : माझ्या माझदा एमएक्स-५ मध्ये १.६ लिटरच्या जागी त्याच गाडीचे १.८ चालेल का?

चालेल. नियम परवानगी देत असतील तर बिनधास्त टाका, फक्त १९९४ नंतरच्या १.८ सोबत आलेला मोठा डिफरन्शियलही (मागच्या चाकांना जोर वाटून देणारा गिअर) घ्या.

प्रश्न : त्यापेक्षा मूळ इंजिनालाच टर्बो लावला तर?

वर्ग बदलेल. एफआयए या जागतिक मोटार संघटनेच्या नियमांत टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता १.७ ने गुणून धरतात, म्हणजे १६०० चे इंजिन कागदावर २७२० सीसी. तुमच्या आयोजकांचा गुणक काय आहे ते त्यांना विचारा, मित्राला नाही.

प्रश्न : विक्रेता म्हणतो "टाइप आरचेच आहे, ब्लॉकवर के२०ए कोरलेले आहे, फार कमी चाललेले." घेऊ का?

कोरलेल्या अक्षरांवर जाऊ नका. हीच अक्षरे टाइप आरच्या २२० पीएसच्या ब्लॉकवर आहेत आणि स्ट्रीम, स्टेपवॅगन या कुटुंबवत्सल गाड्यांच्या १५०-१६० पीएसच्या ब्लॉकवरही आहेत. बी१८सी चीही तीच गत: १८० पीएसचेही बी१८सी आणि २०० पीएसचेही बी१८सी. विक्रेता खोटे बोलत नाही, फक्त अर्धे सांगतो. टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, उघडायला लावा. टाइप आरच्या के२०ए मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट, दोन्ही कॅमवर (झडपा उघडणाऱ्या दांड्यांवर) प्रत्येक सिलिंडरला तीन लोब, म्हणजे उंचवटे, दिसतील. एक्झॉस्टच्या बाजूला ते तिसरे लोब नसतील तर नमस्कार करून निघा. कव्हर उघडू देत नसेल तर आधीच निघा.

"कमी चाललेले" याला पुरावा नसतो, कारण मीटर गाडीत राहतो, इंजिनात नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, लीक-डाउन (त्यातून किती हवा गळते) तपासा, आणि दोन्ही वेळा गेज तुमच्या मेकॅनिकच्या हातात असू द्या.

प्रश्न : के मालिकेतलेच के२४ स्वस्तात मिळतेय आणि २.४ लिटरचे आहे. ते ८५०० आरपीएमला फिरवता येईल ना?

फिरेल, किती दिवस ते वेगळे. के२० चा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ८६ मिमी, के२४ चा ९९. ८००० आरपीएमला के२० च्या पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे २३ मीटर होतो. के२४ हाच वेग ७००० लाच गाठते. ८५०० ला ते २८ मीटरवर जाते, आणि मूळ रॉड-पिस्टनवर ते करणे म्हणजे इंजिनाशी वैर. के२४ खालच्या आरपीएमला ओढण्यासाठी घ्या, ७००० च्या थोडे पुढे लिमिटर (आरपीएम रोखणारी मर्यादा) लावा आणि वळणातून बाहेर पडताना मजा घ्या. बॅलन्स शाफ्टवाल्या (कंपने कमी करणाऱ्या दांड्यांच्या) ऑइल पंपाचे काय करायचे, ते इंजिन बांधणाऱ्यालाच विचारा. त्यावर हौशी सल्ले फार फिरतात.

प्रश्न : स्वॅपनंतर (इंजिन बदलल्यावर) लांब उजव्या वळणात ऑइलचा दिवा क्षणभर लुकलुकतो, सरळ रस्त्यावर विझतो. सेन्सर खराब असावा असे गॅरेजवाला म्हणतो. अर्धा लिटर ऑइल जास्त भरून बघू का?

हे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा राग आला. सेन्सर खराब असता तर त्याला उजवे वळण कसे कळले असते?

कागदावर आकृती काढा. वळणात गाडीवर १ जी (तिच्या वजनाएवढा) आडवा जोर आला की चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. ऑइल एका भिंतीवर चढते आणि पिकअपची, म्हणजे पंपाच्या ऑइल ओढणाऱ्या नळीची, जाळी उघडी पडते. शिवाय ७००० आरपीएमला बरेचसे ऑइल हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, असते, ते खाली उतरायला वेळ लागतो. पंप मग हवा ओढतो. क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या काही शतांशांची, आणि ऑइलचा थर एवढाच काय तो त्यांच्यातला आधार. ७००० ला क्रँक सेकंदाला ११७ फेरे घेतो. तुमच्या "क्षणभरा"ला अर्धा सेकंद धरा: अठ्ठावन्न फेरे जवळजवळ कोरडे. तेही प्रत्येक लॅपला.

आणि दिव्यावर विसंबू नका. कारखान्याचा दिवा साधारण ०.३ बारच्या आसपास लागतो. दर हजार आरपीएमला ०.७ बार हा जुना ठोकताळा धरला तर ७००० ला तुम्हाला पाच बारच्या जवळ हवेत. दिवा लागतो तेव्हा मयत झालेली असते, तो फक्त निरोप देतो. प्रेशरचा खरा सेन्सर लावा आणि आडव्या जोरासोबत त्याची नोंद ठेवा. मग कोणत्या वळणात काटा पडतो ते दिसेल. ब्रेक मारतानाही बघा, तेव्हा ऑइल पुढे धावते.

स्वॅपमध्ये हा रोग जास्त, कारण इंजिन परक्या घरात बसते. माउंटिंग जुळवताना ते दोन-चार अंश कलते. चेंबर जमिनीला घासतो म्हणून कापून उथळ केला जातो, पिकअप मात्र तसाच राहतो. माझ्या स्वतःच्या गाडीत हेच झाले होते. वेल्डिंग देखणे होते. तिसऱ्या शर्यतीनंतर फिल्टर कापला, कागदाच्या घड्या उलगडल्या तर प्रत्येक घडीत तांबूस चकाकी. लोहचुंबक फिरवला, काही चिकटले नाही, म्हणजे बेअरिंगचाच माल. तेव्हापासून चेंबर बसवण्याआधी पिकअपच्या तोंडाला मऊ माती लावतो, चेंबर दाबून काढतो आणि मातीची जाडी मोजतो, म्हणजे पिकअप आणि तळ यांच्यातली फट कळते.

अर्धा लिटर जास्त भरल्याने थोडा दिलासा मिळतो, पण फार भरले की क्रँक ते घुसळतो आणि फेस होतो. जाड ऑइल हाही उपाय नव्हे. झडपांच्या कप्प्यांचा चेंबर, त्यावर प्रेशर साठवणारा ॲक्युम्युलेटर, आणि गाडी स्लिक (नक्षी नसलेल्या) टायरवर धावत असेल तर ड्राय संप (ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी रचना): या क्रमाने विचार करा. पण आधी आजच फिल्टर कापा, आणि चकाकी दिसली तर गाडी इंजिन बांधणाऱ्याकडे ओढत न्या, चालवत नाही.

प्रश्न : इंजिन वाढवले, ब्रेक जुनेच ठेवले तर?

ताशी १६० ऐवजी १८० किमीच्या वेगाने वळणावर पोचाल तर ब्रेकना जिरवायची ऊर्जा २७ टक्के जास्त. ब्रेक आधी, इंजिन नंतर.

प्रश्न : तीच गाडी रोज रस्त्यावरही वापरायची आहे.

मग स्वॅप करू नका. आग्रहच असेल तर परिवहन खात्याला आणि विमा कंपनीला आधी विचारा.

प्रश्न : इंजिनातून बारीक टकटक येते, ऑइल गरम झाल्यावर वाढते. मोसमाच्या दोनच शर्यती उरल्या आहेत. तेवढ्या उरकून मग उघडू?

नाही. आवाज ऐकवायला म्हणून सुद्धा आता इंजिन सुरू करू नका. चेंबर उतरवा, बिग एंड बेअरिंगच्या (रॉड क्रँकला जोडतो तिथल्या) कॅप एकेक करून काढा आणि शेल (बेअरिंगचे अर्धवर्तुळाकार पत्रे) क्रमाने मांडून मेकॅनिकला दाखवा. क्रँक अजून घासलेला नसेल तर काम शेलच्या एका जोडीवर भागेल.