हत्तीची सोंड मुलांनाच करू दे
अगं, मुलांच्या हस्तकलेसाठी हत्तीची चित्रं छापणार आहेस ना, मग पहिल्याच दिवशी वीस पानं छापू नकोस. एकच हत्ती घे, पण जाड कार्डशीटवर; झेरॉक्सचा साधा कागद डिंक लागला की सुरकुततो. चित्रातली सोंड कापून टाक आणि तिथे घडीची सोंड मुलांना करू दे. कागदाच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवायच्या, मग आलटून-पालटून एकमेकींवर दुमडत जायच्या. पाच वर्षांच्या बोटांना वेळ लागतो, तू मध्ये हात घालू नकोस.

छापण्याआधी कान बघ. मोठ्या पंख्यासारखे असले तर तो आफ्रिकी हत्ती. आपल्याकडच्याचे कान लहान, आणि सोंडेच्या टोकाला बोटासारखा उंचवटा एकच; आफ्रिकीला दोन. मुलं हे कधीच विसरत नाहीत!

भोंडल्याला हाच हत्ती पाटावर मांडून फेर धरा.