श्रावणात दारू एकदम सोडावी का?

प्रश्न : माझे मिस्टर बारा वर्षांपासून रोज दोन क्वार्टर घेतात. गटारी झाली की श्रावणभर थेंबही घेत नाहीत. गेल्या वर्षी तिसऱ्या रात्री घामाघूम होऊन अंथरुणावरच्या मुंग्या झटकत बसले होते. मुंगी एकही नव्हती. सासूबाई म्हणतात, अंगातलं विष निघतंय. खरं आहे का?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर : नाही, ताई. तो जिवावरचा प्रसंग होता.

दोन क्वार्टर म्हणजे ३६० मिली, त्यात जवळपास १२० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दारू मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवते आणि ‘ग्लुटामेट’ या चेतवणाऱ्या रसायनाला दाबते. रोजच्या पिण्याला तोंड देताना मेंदू गाबाला दाद देईनासा होतो, ग्लुटामेटला मात्र जास्त. दारू एकदम थांबली की ही चेतना मोकाट सुटते. साधारण ६ ते २४ तासांत थरथर, मळमळ, घाम. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भास, बरळणं, ताप. असं दरवर्षी सोडून पुन्हा धरलं की पुढच्या खेपेला त्रास वाढण्याचीच भीती.

सोडायचीच आहे, आणि सोडावीच, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. रोजचं माप, शेवटचा पेग कधी घेतला आणि मुंग्यांचा प्रसंग, तिन्ही सांगा. क्लोरडायझेपॉक्साइड, यकृत खराब असेल तर लोराझेपाम, अशी मेंदू शांत करणारी गोळी काही दिवस उतरत्या मात्रेत देतात. मेडिकलमधून परस्पर आणू नका. तिच्यावर दारू प्यायली तर श्वास मंदावतो.

अशक्तपणा आला की आपल्याकडे पहिली धाव सलाईनकडे. पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, बहुधा कमी असतं. नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलंही खर्ची पडतं. म्हणून ‘हे रोज पितात, आधी थायमिनचं इंजेक्शन द्या’ असं स्वतःहून सांगाच. एकाचे दोन दिसणं, पाय फाकवून झोकांड्या देत चालणं, गोंधळणं ही त्या कमतरतेची खूण. उपचाराला उशीर झाला तर नवीन काही लक्षात राहीनासं होतं आणि ते नुकसान बरेचदा भरून येत नाही.

फिट आली तर कुशीवर वळवा. तोंडात चमचा, पाणी काही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ जातो. १०८ला फोन करा. भास सुरू झाले तरी तेच करा, सकाळची वाट पाहू नका.